अठरा टनांचा रेटा, अडीच मिलिमीटरचं भोक

४७५ आणि ४८८. १९९७ साली शेवरोलेने पाचव्या पिढीची कॉर्व्हेट बाजारात आणली, तेव्हा तिच्या ५.७ लिटरच्या एलएस-१ इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पिळण्याची ताकद, ४७५ न्यूटन-मीटर होता. तिच्यात बसवलेला ४एल६०-ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इंजिनाकडून ४८८ न्यूटन-मीटरपर्यंत सोसेल, असा जनरल मोटर्सचा, म्हणजे शेवरोलेच्या मालक कंपनीचा, हिशेब. मधे शिल्लक तेराची. २००१ साली कंपनीने इंजिन आणखी दमदार केलं, तेव्हा मॅन्युअल गिअरच्या गाडीला ५०८ मिळाले आणि ऑटोमॅटिकला ४८८. बरोब्बर मर्यादेच्या रेघेवर नेऊन ठेवलेला आकडा. हा निव्वळ योगायोग असेल असं मला वाटत नाही.

आता या गाडीचे हौशी मालक काय करतात? सुपरचार्जर बसवतात. इंजिनात जादा हवा कोंबायची, तिच्या प्रमाणात जादा पेट्रोल द्यायचं, आणि ३४५ अश्वशक्तीची गाडी ७०० वर न्यायची. अमेरिकेत हा उद्योग इतका रुळलेला आहे की इंजिनाचं काम एका आठवड्याच्या सुटीत उरकणारे लोक आहेत. ७०० अश्वशक्तीला टॉर्क साधारण ८५० न्यूटन-मीटर होतो. म्हणजे तेराची शिल्लक संपून साडेतीनशेच्या वर उधारी चढली. ही उधारी गिअरबॉक्सच्या नावावर पडते, आणि तो ती कुठे, कशी आणि किती दिवसांनी फेडतो, हे आकडे मांडून बघितलं तर डोकं गरगरतं.

आपल्याकडे स्वस्त गाड्यांत ऑटोमॅटिक म्हणून जे मिळतं ते बहुधा एएमटी असतं, म्हणजे साध्या गिअरबॉक्सवर बसवलेला यांत्रिक हात. कॉर्व्हेटचा मामला वेगळा. इथे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात घट्ट जोड नाहीच. मधे तेलाने भरलेला एक बंद डबा असतो, त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. डब्याची एक बाजू इंजिन फिरवतं, ती बाजू तेल भिरकावते, आणि त्या तेलाच्या माऱ्याने समोरचं पंख्यासारखं चाक फिरतं. गाडी जागेवरून हलताना हा डबा टॉर्क सुमारे दुपटीपर्यंत वाढवून देतो. बक्षीस म्हणून नव्हे. वेग कमी करून त्याच्या बदल्यात ताकद.

कमाल धरून गुणाकार करत जाऊ. इंजिनाचे ८५०, कन्व्हर्टरमधून बाहेर पडताना १,७००. पहिल्या गिअरचं प्रमाण ३.०६, म्हणजे ५,२००. मागच्या डिफरन्शिअलचं (दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या दात्यांच्या पेटीचं) २.७३, म्हणजे चाकाच्या आसापाशी १४,२०० न्यूटन-मीटर. मागचा टायर २७५/४०-१८ मापाचा, त्याची त्रिज्या सुमारे ३४ सेंटिमीटर. भागाकार केला की रस्त्यावर पडणारा रेटा निघतो ४.२६ टन. आणि अख्ख्या गाडीचं वजन किती? दीड टनाच्या किंचित आत.

दीड टनाची गाडी रस्त्याला सव्वाचार टनांनी ढकलू शकत नाही. अख्खं वजन मागच्या चाकांवर आलं तरी साध्या रबराची पकड फार तर पावणेदोन टनांपर्यंत जाईल. त्यापलीकडे टायर जागच्या जागी गरगर फिरतो, धूर निघतो, बघे खूश होतात. गंमत अशी की तो धूर गिअरबॉक्सचं रक्षण करत असतो. टायर घसरला की आतल्या दात्यांवर, प्लेटांवर, शाफ्टवर येणारा भार तिथेच थांबतो. टायर हाच या सगळ्या यंत्रणेचा फ्यूज. म्हणून ७०० अश्वशक्तीची गाडी रोजच्या टायरवर वर्षानुवर्षं धावते, आणि तिचा मालक एक दिवस शर्यतीचे चिकट, मऊ टायर चढवून मैदानात उतरतो त्याच दिवशी गिअरबॉक्स बोंबलतो. ताकद तीच होती. फ्यूज जाड बसवला.

यावर इलाज म्हणजे गिअरबॉक्स आतून मजबूत करणं, आणि तिथे पहिली गाठ उष्णतेशी पडते. शर्यतीच्या रेषेवर गाडी उभी आहे, ब्रेक दाबलेला आहे आणि इंजिन ३,००० आरपीएमवर रेटलंय, असं समजा. या घडीला इंजिन ६४० न्यूटन-मीटर देत असेल तर ती शक्ती २०० किलोवॉट भरते. गाडी हलत नाही, म्हणजे कामाच्या नावाने शून्य; सगळेच्या सगळे २०० किलोवॉट तेल घुसळण्यात जातात. दोन किलोवॉटचे शंभर गीझर पाच लिटर तेलात सोडून एकदम चालू केल्यासारखं. धातूने शोषलेली उष्णता सोडून दिली तर तेलाचं तापमान दर सेकंदाला बावीस अंशांनी चढतं. पाच सेकंदांत एकशे दहा अंश. म्हणून रेषेवर इंजिन फार वेळ ताणून धरायचं नसतं; दोन-तीन सेकंद, आणि निघायचं.

ऑटोमॅटिकच्या तेलाबद्दल मेकॅनिक लोकांत एक जुना ढोबळ हिशेब चालतो. ऐंशी अंशांच्या आसपास राहिलं तर तेल १,६०,००० किलोमीटर टिकतं, आणि तिथून दर अकरा अंशांना आयुष्य निम्मं होतं. म्हणजे ९१ अंशांना ८०,००० किलोमीटर, १०२ ला ४०,०००, ११३ ला २०,०००, आणि १४६ अंशांना जेमतेम अडीच हजार. हा नियम तंतोतंत मानू नये. पण ताकद वाढवणारा शहाणा माणूस पहिला खर्च तेलाच्या मोठ्या कूलरवर का करतो, ते या उतरत्या भाजणीवरून कळतं. चकचकीत सुट्या भागांच्या पेटीपेक्षा हा कूलर दिसायला कंटाळवाणा असतो, म्हणून बरेच जण तो शेवटी घेतात.

आता तोच डबा फिरता ठेवू. कॉर्व्हेटचा मूळ कन्व्हर्टर साधारण ३० सेंटिमीटर व्यासाचा. ७,००० आरपीएमला त्याची कड ताशी ३९५ किलोमीटर वेगाने फिरते. आतलं तेल त्याच वेगाने फिरतंय असं धरलं तर ते कडेकडे फेकलं जातं आणि तिथला दाब हवेच्या दाबाच्या पन्नासपट होतो. या दाबामुळे डब्याच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून फाकू पाहतात. तो रेटा मांडला तर अठरा टन भरतो. पत्र्याचा डबा, आत पाच लिटर तेल, आणि अठरा टन! डबा खरोखर फुगतो. फुगला की गिअरबॉक्सच्या तोंडाशी बसलेल्या पंपावर दाबला जातो आणि पंप खातो. इथला उपाय मला फार आवडतो, कारण तो मजबुतीचा वाटतच नाही: डबा लहान करा. हा रेटा व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो. व्यास ३० वरून २५ सेंटिमीटर केला, म्हणजे सहावा हिस्सा कापला, की अठरा टनांचे नऊच्या खाली येतात. शिवाय डब्याची टॉर्क धरून ठेवण्याची क्षमता व्यासाच्या पाचव्या घातावर असते. त्यामुळे लहान डब्यात इंजिन आधी मोकळं फिरतं. गाडी रोखून धरली असता मूळ डब्यात २,००० आरपीएमला अडणारं इंजिन इथे ३,१०० च्या पुढे अडतं, म्हणजे थेट आपल्या ताकदीच्या पट्ट्यात. बाजारातले बनवणारे या लहान डब्याला पुढून जाड पोलादी तबकडीही वेल्डिंग करून देतात, ती फुगण्याला अडवायला. मोबदला द्यावा लागतोच: शहरातल्या रहदारीत असा कन्व्हर्टर सतत घसरत राहतो आणि तेल तापवत राहतो.

कन्व्हर्टरच्या मागे खरा गिअरबॉक्स, आणि त्याच्या पोटात क्लच. एक नव्हे, अनेक. मोटारसायकलमध्ये तेलात बुडालेल्या प्लेटांची क्लच असते त्याच जातीच्या या. ४एल६०-ई मधली सगळ्यांत बदनाम ती तिसऱ्या-चौथ्या गिअरची क्लच. मूळ बांधणीत तिच्यात साधारण सहा घर्षण-प्लेटा, आणि दोन प्लेटांच्या मधे एकेक पोलादी. घर्षण-प्लेट हातात घेतली तर निराशा होते. पातळ पोलादी कडं, आणि दोन्ही बाजूंना चिकटवलेला तपकिरी, खरखरीत थर. हा थर मुळात कागदाच्या जातीचा असतो: तंतू, राळ आणि भुकटी दाबून बनवलेला, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. सातशे अश्वशक्ती या कागदावरून जाते. खराब झालेला गिअरबॉक्स खोलला की तपकिरी थर काळा पडलेला, नखाने खरवडला तर निघून येणारा. पोलादी प्लेटांवर निळे-जांभळे डाग, आणि तेलाला करपल्याचा उग्र वास. तळच्या ताटलीतल्या लोहचुंबकावर करड्या रंगाचा लगदा.

या प्लेटा दाबायचं काम तेलच करतं. हिशेबासाठी सोपे आकडे घेऊ. तेलाचा दाब हवेच्या बारापट आणि पिस्टनचं क्षेत्रफळ ८० चौरस सेंटिमीटर, तर प्लेटांवर जवळपास एक टन जोर येतो. सहा प्लेटांचे बारा पृष्ठभाग, घर्षणांक ०.१२, सरासरी त्रिज्या सहा सेंटिमीटर. गुणाकार ८२९ न्यूटन-मीटर. या घडीला आपल्या सुपरचार्जरवाल्या गाडीचे ८५० समोर ठेवा, म्हणजे क्लच का घसरते ते कळेल. सहाच्या जागी आठ प्लेटा बसवल्या तर पकड एक तृतीयांशाने वाढते. दाब बाराचा पंधरा केला की वर आणखी पाव. दोन्ही मिळून १,३८०. कागदावर प्रश्न मिटला.

पण ड्रम तोच, जागा तीच. आठ प्लेटा बसवायच्या तर प्रत्येक प्लेट पातळ करावी लागते. पकड वाढली, उष्णता पोटात घेणारं पोलाद मात्र वाढलं नाही. ही उष्णता किती असते? दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना इंजिन ६,००० वरून ३,६८० आरपीएमवर उतरतं. तेवढ्या वेळात क्लच घसरत घसरत पकड घेते. हा बदल ०.६ सेकंदांत झाला तर क्लचमध्ये साधारण ७० किलोज्यूल उष्णता निर्माण होते. ०.३ सेकंदांत उरकला तर ४०. प्लेटांमधलं पोलाद सगळं मिळून सहाशे ग्रॅम धरलं, तर पहिल्या वेळी ते २४० अंशांनी तापेल, दुसऱ्या वेळी १३५ अंशांनी. तेल आधीच नव्वदीला आहे हे विसरू नका. पहिल्या हिशेबात कागदाचा थर सव्वातीनशे अंशांच्या पोलादाला घासतोय. दोन-चार वेळा असं झालं की करपतो.

हे आकडे मला सगळ्यांत बोलके वाटतात. कारण तो अर्धा-पाऊण सेकंद कंपनीने मुद्दाम ठेवलेला असतो. गिअर बदलल्याचं शेजारी बसलेल्याला कळू नये, कपातली कॉफी हिंदकळू नये, यासाठी क्लच हळू पकडते. सुखाची किंमत उष्णतेत मोजली जाते. ताकद वाढवणारे मिस्तरी पहिल्यांदा हे सुख काढून घेतात. तेलाच्या वाटेवर एक पातळ पोलादी पत्रा असतो आणि त्याला भोकं असतात. कुठलं भोक केवढं, यावर कुठली क्लच किती लवकर भरते ते ठरतं. दोन मिलिमीटरचं भोक ड्रिलने अडीचचं केलं की क्षेत्रफळ छप्पन्न टक्क्यांनी वाढतं. अर्ध्या मिलिमीटरची करामत, आणि गिअर असा पडतो की मान मागे जाते. एवढ्या सगळ्या टनांच्या आणि किलोवॉटच्या गोष्टीत माझ्या लेखी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी दुरुस्ती हीच. भोक वाजवीपेक्षा मोठं झालं तर मात्र तोच झटका पुढच्या दात्यांना बसतो.

आणि पुढे दाते आहेतच. या गिअरबॉक्समध्ये ‘सन शेल’ नावाचा दाबून घडवलेल्या पोलादाचा एक मोठा पेला असतो. तो मानेशी, खाचांच्या जागी तुटतो. तुटला की लक्षण ठरलेलं: दुसरा गिअर गेला, चौथा गेला, रिव्हर्सही गेला, पहिला आणि तिसरा शाबूत. गाडी घरी येते, पण घरी पोहोचल्यावर मागे घेता येत नाही. जागी कडक केलेला, जाड शेल घालतात. ग्रहमालेसारख्या गिअरच्या जुळणीत चारऐवजी पाच छोटी चाकं बसवतात. प्रत्येकाचा वाटा पंचवीस टक्क्यांवरून वीसवर येतो. जनरल मोटर्सने ४एल६५-ई या पुढच्या आवृत्तीत हेच केलं. शाफ्टचा हिशेब तर आणखी चमत्कारिक, तो व्यासाच्या तिसऱ्या घातावर चालतो. २५ मिलिमीटरच्या शाफ्टमधून १,७०० न्यूटन-मीटर गेले तर त्याच्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला साडेपाच टनांहून जास्त ताण येतो. जाडी फक्त तीन मिलिमीटरने वाढवली की शाफ्ट चाळीस टक्के जास्त सोसतो. जाडी वाढवायला जागा नसेल तेव्हा पोलाद बदलतात, आणि घेतात ते विमानाच्या लँडिंग गिअरला वापरतात त्या जातीचं, ज्याला ३००-एम म्हणतात.

एवढं करून झालं की तुटण्याचं ठिकाण गिअरबॉक्सच्या बाहेर सरकतं. कॉर्व्हेटमध्ये गिअरबॉक्स मागे, डिफरन्शिअलला चिकटून बसवलेला असल्यामुळे पुढचा नंबर त्या डिफरन्शिअलचाच लागतो.

हेच काम कारखान्याने स्वतः केलं तर कसं दिसतं, ते २०१८ च्या डॉज चॅलेंजर डेमनमध्ये बघायला मिळालं. शर्यतीच्या १०० ऑक्टेन पेट्रोलवर ८४० अश्वशक्ती, १,०४४ न्यूटन-मीटर. गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा, ८एचपी९०. ही कंपनी १९१५ साली झेपेलिन वायुजहाजांसाठी दातेरी चाकं बनवायला निघाली होती. डॉजने कन्व्हर्टर बदलला: टॉर्क वाढवण्याची क्षमता १८ टक्क्यांनी आणि अडण्याचा आरपीएम ११ टक्क्यांनी वर. आणि रस्त्यावर चालवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या गाडीत प्रथमच कारखान्याने ट्रान्सब्रेक दिला. साध्या ब्रेकने चाकं रोखून इंजिन रेटायचं म्हटलं तर एका मर्यादेनंतर चाकंच जिंकतात. ट्रान्सब्रेक गिअरबॉक्सच्या आतून बाहेर जाणारा शाफ्ट जखडून टाकतो. इंजिन हवं तेवढं ताणा, गाडी जागची हलत नाही, आणि सोडला की एका क्षणात सगळा टॉर्क चाकांकडे. सुमारे १,९३० किलोची ही गाडी १.८ जी इतक्या प्रवेगाने सुटत असे. म्हणजे टायर रस्त्याला साडेतीन टनांच्या आसपास रेटा देत. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, ९.६५ सेकंदांत, शेवटी वेग ताशी २२५ किलोमीटर. त्या वेगाला गिअर बदलण्यात पाव सेकंदाहूनही कमी, ०.२ सेकंद गेले तरी गाडी तेवढ्यात साडेबारा मीटर पुढे गेलेली असते. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींची संघटना एनएचआरएने ती आहे त्या अवस्थेत उतरवायला मनाई केली, कारण दहा सेकंदांच्या आत येणाऱ्या गाडीला तेव्हा संरक्षक पिंजरा लागत असे आणि हिच्यात तो नव्हता. २०२३ ची डेमन १७० आली १,०२५ अश्वशक्ती घेऊन. तीही आठ गिअरची ऑटोमॅटिक.

ऑटोमॅटिक म्हणजे नाजूक, शर्यत म्हणजे मॅन्युअल, अशी एक समजूत आपल्याकडे अजून आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी एम-५ स्टुअर्ट रणगाड्यात कॅडिलॅकची दोन इंजिनं होती आणि प्रत्येकामागे एक हायड्रा-मॅटिक, म्हणजे ऑटोमॅटिकच. जनरल मोटर्सचा १९६४ चा टर्बो ४०० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक इतका दणकट निघाला की रोल्स-रॉइसने घेतला, आणि १९७६ मध्ये फेरारीने आपल्या पहिल्या ऑटोमॅटिक गाडीत, ४०० मॉडेलमध्ये, तोच बसवला. १९९१ चा ४एल८०-ई त्याचाच वंशज. ज्यांच्या गाडीत तो मावतो ते ४एल६०-ई च्या दुरुस्त्यांच्या भानगडीत न पडता सरळ तो उचलून घालतात.

पण दोन हजार अश्वशक्तीच्या ड्रॅग गाड्या उघडून बघितल्या तर त्यांतल्या कितीतरी गाड्यांत आठ गिअर नाहीत, चारही नाहीत. दोन आहेत. पॉवरग्लाइड, शेवरोलेने १९५० साली घरगुती गाड्यांसाठी आणलेला. त्याचा पहिला गिअर १.७६, म्हणजे तेवढ्याच इंजिनाला कॉर्व्हेटच्या बॉक्सपेक्षा बेचाळीस टक्के कमी टॉर्क मागे जातो. जिथे टायरच पुरे पडत नाहीत तिथे हा दोष नाही, सोय आहे. ग्रहमालेचा एकच संच, दोन क्लच आणि एक पट्टा. फिरवत बसायला लोखंड कमी, आणि ४०२ मीटरांत गिअर बदलायचा तो एकदाच. जनरल मोटर्सने त्याचं उत्पादन १९७३ साली थांबवलं. आज शर्यतीसाठी बनतो त्यात केसिंग, शाफ्ट, ड्रम, पंप सगळं बाहेरच्या कारखान्यांतून येतं आणि मूळ कंपनीचा एक नटही नसला तरी चालतं. नाव मात्र अजून पॉवरग्लाइडच.